साडूंच्या घरचा समुद्र

आमचे साडू वजनकाटे तपासतात. दुकान असो, गिरणी असो, दवाखाना असो, प्रमाण वजनांची पेटी घेऊन जायचं, काटा खोटं बोलत असेल तर त्याचा कान पिळायचा आणि मग शिक्का मारायचा. तीस वर्षं हेच. दुसऱ्याच्या घरातली तसबीर तिरकी दिसली तरी बोलणं अर्ध्यावर टाकून उठतात. अशा माणसाने घरात समुद्र आणू नये. यांनी आणला.

चार फुटांची काचेची टाकी, त्यात खारं पाणी, दगड, दोन पट्टेरी मासे आणि एक प्रवाळ. तीन वर्षांपूर्वी आणलं तेव्हा अंगठ्याएवढं होतं, तोंड एकच. आता सात तोंडं. प्रत्येकातून हिरवी बोटं बाहेर येऊन पाण्यात डुलायची. जावयाचंसुद्धा इतकं कौतुक होत नाही.

एका सोमवारी सातही तोंडांची बोटं आत गेली ती गेलीच. त्या दिवसापासून साडूंनी घास पुरता चावला नाही. दिवा कमी केला, संध्याकाळी वाढवला. पंपाचं तोंड फिरवलं. प्रवाळ डावीकडून उजवीकडे नेलं, तिथे करमेना म्हणून परत आणलं. माशांच्या दुकानदाराने बजावलं की काका, आठवडाभर हात लावू नका. ते त्यांनी दुपारपर्यंत पाळलं. मेहुणीबाई फोनवर म्हणाल्या की दुखणं त्या दगडाला आहे आणि शुश्रूषा मला यांची करावी लागतेय.

बाराव्या दिवशी आम्ही गेलो. एका तोंडाच्या कडेला पांढरा सांगाडा दिसू लागला होता. साडू आम्हाला ‘बसा’ म्हणाले आणि स्वतः मात्र बसले नाहीत. खारेपणा मोजायची बोटभर दुर्बीण असते, तिच्यावर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकून ती उजेडाकडे धरली.

“पस्तीस. जेवढं हवं तेवढंच. मग याला दुखतंय कुठे?”

मेहुणीबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अहो, ही दुर्बीण कुणी तपासलीय?”

साडूंनी दुर्बीण डोळ्यावरून खाली घेतली. किराणावाल्याच्या शब्दावर घटकाभर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने खोक्यातून निघालेल्या दुर्बिणीवर तीन वर्षं डोळे मिटून भरवसा टाकला होता. पायात होत्या त्या चपलांनिशी दुकानात गेले आणि बरोबर पस्तीस खारेपणाच्या पाण्याची बाटली घेऊन आले. दुर्बिणीने ते एक्केचाळीस दाखवलं. दुर्बीण महिन्यामहिन्याने वर सरकत गेली होती आणि आकडा वाढला की साडू गोडं पाणी ओतत गेले होते. बिचारं प्रवाळ पातळ समुद्रात दिवस काढत होतं.

आता चूक कळली होती, मीठ हाताशी होतं, पण एकदम टाकायचं नव्हतं. तसं केलं तर त्या धक्क्यानेच प्रवाळ मरतं. रोज जेवढं पाणी उडून जाईल तेवढंच घालायचं, फक्त गोड्याऐवजी खारं. पंधरा दिवस. चुकलेला काटा बघून पंधरा दिवस गप्प राहायचं, ही शिक्षा साडूंना कुठल्या न्यायाधीशानेही सुनावली नसती. घरात येरझारा घालून त्यांनी फरशी झिजवली. मेहुणीबाईंनी त्यांना जास्तीची कामं घ्यायला लावली, तर प्रत्येक दुकानातून घरी फोन.

खारं पाणी घालायला लागल्यापासून सोळाव्या दिवशी मला साडूंचा फोन आला. पांढरं पडलेलं ते तोंड गेलं होतं.

“मी मारलं ते,” साडू म्हणाले. “लोकांच्या काट्यांना नावं ठेवत हिंडलो आणि हे मी मारलं.”

मी समजूत घालत राहिलो आणि ते पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. शेवटी भीत भीत विचारलं, “आणि बाकीची सहा?”

“ती होय? ती उघडलीत परवाच,” ते म्हणाले, आणि टाकीतल्या एका माशाने सकाळपासून कूस का बदलली नाही ते बघायला फोन ठेवून गेले.