नऊ ग्लोव्ह, चौदा मुली

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. परभणीच्या मैदानावर आमच्या शाळेच्या मुली सॉफ्टबॉलची मॅच एका रनने हरल्या... आणि त्याला कारण मी होते.

मी तेव्हा झरीच्या शाळेत नवीन लागलेली शिक्षिका. सॉफ्टबॉल जन्मात खेळले नव्हते, पण दुसरं कुणी तयार होईना म्हणून टीम माझ्याकडे आली. नियमांचं पुस्तक मी डिक्शनरी घेऊन तीनदा वाचलं.

चौदा मुली रोज प्रॅक्टिसला यायच्या, मॅचला मात्र त्याच नऊ जणी उतरायच्या. उरलेल्या पाच जणी पाण्याची कळशी सांभाळत बसायच्या... ते मला बघवेना. मी एक कागद लिहून व्हरांड्यात चिकटवला: जी रोज येईल तिला प्रत्येक मॅचमध्ये निदान दोन इनिंग मिळतील. खाली सही केली.

आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिलीच. लिहून सही केलेली गोष्ट मला शपथेसारखी वाटायची.

हेडमास्तर कागद वाचून हसले. "बाई, टीम काढलीय का पंगत वाढायलात? हरलात की हा कागद उतरवायचा."

कागद लागल्यावरची पहिलीच मॅच म्हणजे ती परभणीची. तिच्या शेवटच्या दोन इनिंग कांताच्या वाट्याला आल्या. कांता त्या पाच जणींतली; अंगाने किडकिडीत, फेक मात्र जोरदार. आम्ही एका रनने पुढे होतो. कॅप्टन सुनंदा म्हणाली, "बाई, आज बाहेर राहू द्या की तिला." मी ऐकलं नाही. बाहेर आलेल्या मुलीचा ग्लोव्ह घेऊन मीच कांताच्या हातात दिला.

अगदी शेवटी बॉल तिच्याकडे गेला. तिने अडवला... पण फेकेना. डाव्या हातातला ग्लोव्ह झटकून काढायला लागली. तो निघेपर्यंत समोरच्या टीमच्या दोघी धावून आत आल्या होत्या, म्हणजे दोन रन.

कांता डावखुरी होती. फेकायची डाव्या हाताने, आणि आमचे सगळे ग्लोव्ह डाव्याच हातात घालायचे. शाळेत ग्लोव्ह नऊच, ते पहिल्या नऊ जणींना. बाकीच्या उघड्या हातांनी प्रॅक्टिस करायच्या. म्हणजे कांताने आयुष्यात पहिल्यांदा ग्लोव्ह घातला तो मॅचमध्ये. तिची डाव्या हाताची फेक मी रोज बघत होते... आणि मला हे सुचलं नव्हतं.

परतताना एसटीत मुली मागे दाटीवाटीने बसल्या. माझ्या शेजारची सीट रिकामी. "वाढा अजून पंगत," सुनंदा खिडकीकडे बघत, पण मला ऐकू जाईल असं बोलली.

खोलीवर जाऊन हे सांगणार कुणाला? पोखर्णीला घरी पत्र लिहावं, तर ते वाचायला शेजाऱ्याला बोलवावं लागायचं.

अर्ध्या वाटेत कांता उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"बाई, तो कागद काढताल का?"

"ग्लोव्ह जमत नव्हता तर बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी मलाच काढलं असतं." मग हळूच म्हणाली, "मला ग्लोव्ह नगं, बाई. तशीच खेळते. पण कागद राहू द्या."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या देखत मी त्या कागदाखाली एक ओळ वाढवली: प्रॅक्टिसला ग्लोव्ह चौदाही जणींना आळीपाळीने. ते पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सुनंदाही नाही.

कांता वर्षभर उघड्या हातांनी खेळली. तिच्या तळव्यांची कातडी निघायची, मी खोबरेल लावून द्यायचे. डावखुऱ्या माणसाचा, उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह वेगळा मिळतो, हे मला फार उशिरा कळलं.

नोकरीच्या त्या पहिल्या वर्षात आपणहून माझ्या शेजारी येऊन बसलेली ती एकटीच... आणि मीच तिला हरवलं होतं.