वाजवून पारखलेलं भांडं

आमच्या वरवट बकालच्या बाजारात माठ घ्यायचा तर लोक आधी माझ्या दादाला शोधत. तो बोटाच्या पेराने माठ वाजवायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि डोळ्याला न दिसणारी चीरही सांगायचा. त्याच कानाच्या जोरावर त्याला मलकापूरकडच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम मिळालं. पुढे त्याने मलाही तिथे लावून घेतलं.

तिथे आचेवर न तडकणारी काचेची भांडी व्हायची. साच्यातून निघताना ती पाण्यासारखी पारदर्शक असत. दुसऱ्या भट्टीत तासन्‌तास सावकाश तापली, की काचेच्या पोटात बारीक कण धरत आणि भांडं दुधासारखं पांढरं होऊन बाहेर येई. निवल्यावर दादा एकेक भांडं लाकडी दांडीने वाजवायचा. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर भंगारात.

भट्टीचे पंखे दिवसरात्र घोंघावत. सात-आठ वर्षांत त्यांनी दादाचे कान खाल्ले. हे मला त्याच्याच तोंडून कळलं.

"मले आता काईच ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तू समोर बस. चांगलं वाजलं तं पापणी मिट, बद्द वाजलं तं खाली पाह्य."

कान गेले हे कळलं तर टेबल जाणार होतं, आणि त्या टेबलाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. मी बसलो. समोरच्याचे ओठ पाहून तो बोलणं ओळखायचा, म्हणून वहिनीलाही सांगितलं नाही. साहेब पाहुण्यांना मुद्दाम दादाचा कान दाखवायला आणत, तेव्हा आम्हाला हसू आवरत नसे. खोटं कशाला बोलू?

मग मुलाचं जावळ काढायला मी एक दिवस शेगावला गेलो. तूही रजा टाक, असं दादाला बजावलं होतं. पण आपल्या जागी दुसरा बसेल या धास्तीने तो कामावर गेला आणि दिवसभर अंदाजाने भांडी पास करत राहिला.

नव्या मालातलं एखादं भांडं कॅन्टीनच्या शेगडीवर चढवून बघायची कारखान्याची रीत होती. दुसऱ्या दिवशी दादाने पास केलेलं तसं एक भांडं वरणासकट फुटलं. स्वयंपाकाच्या मावशींच्या दोन्ही पायांची कातडी निघाली. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसता पदर दातात धरून बसल्या.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "मी मागे उभा राहून भांडं वाजवतो, कसं वाजलं ते सांग," असं त्यांनी दादाला समोरून समजावलं आणि ते त्याच्या पाठीमागे गेले. भांड्याला त्यांनी दांडी लावलीच नाही. दादाने माझ्याकडे पाहिलं. मला मावशींचे पाय दिसत होते, दादाचा संताप आला होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नोकरीची भीती होती. नुसती मान हलवली असती तरी त्याला कळलं असतं. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"चांगलं हाये साहेब," दादा म्हणाला.

त्याला त्याच दिवशी काढलं. मला ठेवलं. मावशी अजून लंगडतात. दादाने मला त्या संध्याकाळबद्दल कधी एका शब्दानेही विचारलं नाही.

या उन्हाळ्यात वहिनीने आम्हाला माठ आणायला पाठवलं. दादाने सवयीने माठ वाजवला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. माठ खणखणीत होता. मी पापणी मिटली. त्याने पुन्हा वाजवला, मी पुन्हा मिटली. मग त्याने तो माठ कुंभारापुढे ठेवला.

"याच्यात पानी भरून दाखव," तो म्हणाला. "गळते का पाहू."