त्याच्या जर्सीवरचं कुंकू

शेजारच्या खोलीतला तो मला पहिल्या आठवड्यापासून आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट मुलगा असता तर बरं झालं असतं. पण तो चांगला होता, तीच तर बोंब.

आम्ही दोघं कॅनबेरातल्या लष्करी अकादमीत कॅडेट. सकाळी कवायत, मग लेक्चर्स, संध्याकाळी फूटी. फूटी म्हणजे इथला फुटबॉल, लांबट चेंडूचा, हातानेही खेळायचा आणि पायानेही. पुण्याहून आलो तेव्हा मी पाचवीत होतो. पुढे क्रिकेट सोडून हा खेळ धरला तेव्हा बाबा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नव्हते. अकादमीच्या सीनियर टीममध्ये खेळायचं, एवढंच मला हवं होतं. डिग्री, कमिशन वगैरे सगळं मागाहून.

आणि नेमकी आमची दोघांची जागा एकच, फॉरवर्ड. मी कवायतीच्या आधी उठून ओव्हल मैदानावर किक मारत बसायचो, थंडीने बोटं बधिर व्हायची. हा पठ्ठ्या नाश्त्याला जेमतेम पोचायचा, आणि संध्याकाळी तिघांच्या डोक्यावरून चेंडू असा काढायचा की कोच शिट्टी वाजवायला विसरायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एवढी मेहनत करून मी त्याच्यासारखाच रिझर्व्हजमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीममध्ये, आणि सीनियर टीमच्या मॅचला पाण्याच्या बाटल्या घेऊन पळायला.

वर मूर्खपणा असा की त्याला घरी मीच नेलं. आमचं घर गुंगालिनला, गाडीने जवळच. त्याचे आईवडील पर्थच्याही पलीकडे गव्हाच्या शेतावर. रविवारी सगळी बिल्डिंग ओस पडलेली आणि हा एकटा बूट पॉलिश करत बसलेला दिसला. म्हटलं, चल मेल्या. आईने थालीपीठ लावलं. त्याने चार हाणली आणि ताट उचलून स्वतः धुऊन ठेवलं. झालं! "बघ जरा, याला वळण म्हणतात," आई मला मराठीत म्हणाली. त्यानंतर दर आठवड्याला फोनवर पहिला प्रश्न, "तो येतोय ना रे?" मी येतोय की नाही, हे कोण विचारतंय! महिन्याभरात तो तिला आई म्हणायला लागला, आणि ती 'हां बाळा' म्हणून ओ द्यायला लागली. मला शेवटचं बाळा कधी म्हणाली होती, आठवत नाही.

आमच्या टीममध्ये एक रीत आहे. सीनियर टीममध्ये पहिल्यांदा निवड झाली की जर्सी कोच देत नाही, घरचं माणूस देतं. ड्रेसिंग रूममध्ये सगळे गोल करून उभे राहतात, ते माणूस मधे येऊन दोन शब्द बोलतं आणि जर्सी हातात देतं. भलेभले बाप तिथे हुंदके देताना मी पाहिलेत. त्या गोलात बाटल्या घेऊन उभा असताना मी प्रत्येक वेळी मनातल्या मनात तिथे आईला उभी केली होती. समोर मी.

तिसऱ्या वर्षी निवड झाली. त्याची.

त्या रविवारी तो आमच्या किचनमध्ये ओट्याला टेकून उभा होता. "पेरणी चालू आहे, घरून कोणी येऊ शकणार नाही," तो आईला म्हणाला. "आई, जर्सी तुम्ही द्याल का?"

आईने माझ्याकडे बघितलं. "नो वरीज," मी म्हणालो आणि पोळीत तोंड खुपसलं. जागा घेतलीस, टीम घेतलीस, घे बाबा. पण आईसुद्धा?

शनिवारी आई जाड जॅकेटखाली काठापदराची साडी नेसून आली. गोलाच्या मधे उभी राहून तिच्या साध्या इंग्रजीत म्हणाली, "मला खेळ कळत नाही. पण हा मुलगा पडला की माझ्या पोटात गोळा येतो." पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मग तिने पर्समधून एक पुडी काढली आणि जर्सीच्या गळ्याच्या पांढऱ्या पट्टीवर हळदीकुंकू लावलं. नव्या वस्तूला आमच्याकडे लावतातच. मीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांपेक्षा जोरात.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये अंपायरने खेळ थांबवला. अंगावर किंवा कपड्यावर रक्त दिसलं की खेळाडूने बाहेर जायचं, असा नियम आहे. घामाने कुंकू गळ्यापासून छातीपर्यंत ओघळलं होतं. "रक्त नाही, माझ्या आईने लावलंय," तो सांगत होता. मी बाटल्या घेऊन तिथेच होतो. कोणाच्या आईने? "माझ्या आईने लावलंय ते!" मी ओरडलो. अंपायरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "कोणाच्याही आईने लावू दे, मेट, जर्सी बदल."

तो जादाची जर्सी चढवून परत पळाला. ही ओली जर्सी आली माझ्या हातात. धुऊन आण म्हणे! मागच्या नळावर मी तिला साबण फासला, तर हळदसुद्धा लालभडक झाली. तेवढ्यात आई आली.

"अरे वेड्या, हळदीला साबण लावतात का? आण इकडे."

"तूच धू. तुझ्या लाडक्याची आहे."

ती बर्फासारख्या पाण्यात जर्सी चोळत राहिली. मला राहवेना. "तू पहिली जर्सी मला द्यायला हवी होतीस," मी म्हणालो. "पहिली माझी होती."

"पुडी तुझ्यासाठीच होती," ती म्हणाली. "पहिल्या वर्षापासून पर्समध्ये आहे. दर मॅचला आणायचे. ऐन वेळी तुझं नाव आलं तर जवळ असू दे म्हणून."

"मग त्याला का लावलंस?"

आईने नळ बंद केला. "आता नाही रे यायचं तुझं नाव," ती म्हणाली. "मला खेळ कळत नाही, पण एवढं कळतं."

तिचं खरं ठरलं, पण ते नंतर. त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला. तिकडे ओव्हलवर एकच आरडाओरडा झाला. गोल झाला होता. आईने तिकडे मान वळवली नाही. जर्सी पिळत म्हणाली, "जा. पाणी हवं असेल त्यांना."

मी बाटल्या उचलल्या आणि पळालो. पहिली बाटली त्यालाच द्यावी लागली. गोल त्याने मारला होता.