मायक्रोवेव्हचं दूध आणि माझी जाड साय

आधी दारात आल्या विहीणबाई, सावनेरहून... आणि चपला काढता काढताच म्हणाल्या, "चार दिवस पोरीले अन् ओवीले घेऊन जातो." पाणीसुद्धा नको म्हणाल्या. मागून त्यांची धाकटी पल्लवी आली, तीही खाली मान घालून.

मला कारण माहीत होतं. माझ्या नातीच्या, ओवीच्या रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व्ह कमी निघालं आणि मी सगळ्यांसमोर सुनेला, स्नेहाला बोलून बसले होते... त्या मायक्रोवेव्हच्या डब्यात दूध तापवते म्हणून पोरीची सगळी ताकद जळते! तेव्हापासून स्नेहा गप्प. माहेरी फोन जाणारच ना.

मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई. आताही मोबाईलवर बोलून राहिली आहे अन् तो आपोआप लिहून राहिला आहे, चुका पोटात घाला.

तर, घाबरले की मला चहाच सुचतो. दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. पल्लवी मदतीला आत आली... ही दुधाच्या कॉलेजात शिकते, असंही कॉलेज असतं बरं का.

"काकू, दूध दिवसातून कितीदा उकळता जी?"

मी आपली कौतुकानं सांगत सुटले. सकाळी आलं की एकदा, दुपारी चहाला, दिवेलागणीला, आणि झोपण्याआधी मंद आचेवर चांगला अर्धा तास... त्याशिवाय साय जाड कशी येणार? माझ्या तुपाचं नाव आहे आमच्या प्रताप नगरात!

तिनं आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, "मंग त्या मायक्रोवेव्हले काहून दोष देता? व्हिटॅमिन आचेनं कमी होतात, गॅस असो का तो डबा. जितका जास्त वेळ आच, तितके जास्त जातात. ताई तर एक मिनिट कोमट करते फक्त."

आणि मी चारदा उकळते...

बाहेर बसलेल्या विहीणबाईंनी ऐकलंच. फसकन हसल्या. "घ्या! सारी ताकद तुमच्या सायीपायी गेली म्हणा, विहीणबाई!"

पल्लवी म्हणाली, रिपोर्टचं खापर नुसत्या दुधावर फोडू नका, डॉक्टरांचं औषध नीट द्या. दूध एकदा उकळून फ्रिजमध्ये ठेवायचं. आणि डब्यातून काढलं की चमच्यानं ढवळायचं, कारण एकीकडे कोमट तर एकीकडे चटका असतो.

सुनेपुढे चुकलं म्हणायला जीभ जड होते हो... पण म्हटलं. "माझंच चुकलं वं स्नेहा. मले ते बटन दाखव, ओवीचं दूध आता मी लावून देईन." आणि ऐटीत गिलास आत ठेवायला गेले.

"आई, स्टीलचा नाही चालत त्यात!" स्नेहा ओरडली... आणि हसायलाच लागली. किती दिवसांनी हसली पोरगी! माझा जीव भांड्यात पडला.

मग विहीणबाईंनी पाणीही घेतलं, चहाही घेतला. या वयात कुणी आपल्याला न दुखावता शिकवतं, हे नशीबच म्हणायचं. पल्लवी, सुखी राहा गं बाई.

संध्याकाळी दोघीच परत गेल्या, सून आणि नात घरीच. बुधवारी पुन्हा येतो म्हणाल्या... आणि चांगले आठ दिवस राहतो म्हणाल्या.