कवायतमास्तरांचा अर्धा इंच

कवायतमास्तर रस्त्यावर कधी वळत नसत. कोपऱ्यापर्यंत सरळ जायचे, क्षणभर थांबायचे आणि टाचेवर काटकोनात फिरायचे. मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी जातानाही तसंच. पांढरी शुभ्र पँट, मागे पाण्यावर विरघळणारं ऊन, आणि त्या उजेडात टोकाला पोचून एकदम उलटा फिरणारा हा माणूस. आता दुपारी खुर्चीत डोळा लागला की मला पुष्कळदा तेच दिसतं.

त्या पांढऱ्या पँटी माझ्या दुकानातल्या. मी त्यांना मास्तर म्हणे, ते मला टेलरमास्तर. "एका दुकानात दोन मास्तर, गिऱ्हाइकानं उभं राहायचं कुठं?" हा त्यांचा ठरलेला विनोद. नवी पँट घातली की इस्त्रीची रेघ कमरेपासून बुटापर्यंत नजरेनं तपासत आणि मगच "चालेल" म्हणत.

ऐंशीनंतरची ती वर्षं. झिजलेला डावा खुबा बदलून मास्तर मुंबईहून आले. तेव्हा रत्नागिरीत त्याचं भारी नवल. लोक बघायला येत आणि मास्तर मांडीवर टिचकी मारून सांगत, "आत स्टील आहे. वाजत नाही, एवढंच." काठी सुटल्यावर ते माझ्याकडे आले. सव्वीस जानेवारीला शाळेच्या संचलनापुढे चालायचं होतं. निवृत्तीआधीचं शेवटचं संचलन, त्यासाठी नवी पँट हवी होती.

मी दोन्ही पायांची मापं घेतली. उजवा चाळीस, डावा साडेचाळीस. टेप पुन्हा लावली, पुन्हा तेच. खुबा बदलताना पाय लांब झाला असणार, एवढं मला कळलं. त्यानं पुढे काय होतं, हे कळलं नाही. आमच्या धंद्याची रीत अशी, की अंगातली उणीव कापडात जिरवायची, गिऱ्हाइकाला बोलून दाखवायची नाही. एक खांदा उतरता असला की आत गुपचूप पॅड घालायचा. तसंच केलं. वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि डावी बाजू अर्धा इंच लांब शिवली. मास्तर आरशासमोर बराच वेळ उभे होते. "बघा टेलरमास्तर, सरळ झालो की नाही!" तेव्हा मला अभिमानच वाटला.

मग गुडघा सुजायला लागला. खुबा ठणठणीत आणि त्याच पायाचा गुडघा शहाळ्यासारखा. मास्तरांच्या घरच्या, आमच्या वहिनी, निर्गुडीचा पाला गरम करून बांधत. मास्तर घरी पाय उशीवर चढवून ठेवत, दुकानात आले की माझ्या स्टुलावर. इथल्या डॉक्टरांनी एक्सरे बघून सांगितलं, खुबा उत्तम बसलाय, गुडघ्यात काही दिसत नाही. गावाला तेवढंच हवं होतं.

"ऑपरेशन खुब्याचं नि रडणं गुडघ्याचं!"

"निवृत्ती जवळ आली ना, आता दुखणारच पाय."

हे सगळं माझ्याच बाकावर बसून. वहीतला अर्धा इंच मला आठवे, तरी मी मशीन चालवत राही. मास्तरांच्या कानावर ते गेलंच. एकदा स्टुलावरचा पाय चोळत म्हणाले, "दुखणं दाखवता येत नाही हो. कापड असतं तर उलटून दाखवलं असतं."

डिसेंबरात वहिनी ती पँट घेऊन आल्या. घडी घालताना दोन्ही पाय एकावर एक ठेवले, तर एक लांब.

"भाऊ, तुमचा हात चुकायला लागला की काय?"

त्या घटकेला सांगायचं होतं, की हात चुकला नाही वहिनी, पाय लांब आहे, मुंबईच्या डॉक्टरांना दाखवा. पण मग त्यांनी विचारलं असतं, इतके महिने गप्प का होतात? मी हसलो. "चुकलंच. देतो काढून." अर्धा इंच आत दुमडला, आणि त्या गेल्यावर वहीतला साडेचाळीस खोडून चाळीस लिहिला.

आता डावी मोहरी, पँटीची खालची कड, वर दिसू लागली. ती उजवीच्या बरोबरीला यावी म्हणून मास्तर डावा गुडघा वाकवून चालू लागले. सूज वाढली. संचलनाच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी नव्या शिक्षकाला पुढे केलं. मास्तर मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले, तीच पँट घालून. शिटी वाजली तेव्हा बसल्या जागी त्यांची टाच उचलली गेली. ते मी पाहिलं.

वर्षभरानं ते मुलाकडे मुंबईला गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना उभं करून कंबर समपातळीत येईपर्यंत उजव्या पायाखाली लाकडाच्या पातळ फळ्या सरकवल्या आणि उजव्या चपलेला अर्ध्या इंचाचा जादा तळ लावून दिला. दोन-तीन महिन्यांत सूज उतरली. चप्पल दाखवायला मास्तर वहिनींना घेऊन दुकानात आले.

"डॉक्टर विचारत होते, तुमच्या टेलरला कसं कळलं नाही? मी म्हटलं, आमच्या टेलरमास्तरांना कळलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं!"

वहिनी मागे उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर मास्तरांच्या डाव्या मोहरीकडे. मग म्हणाल्या, "चला, ऊन वाढतंय." कोपऱ्यावर मास्तर थांबले, टाचेवर फिरले आणि दिसेनासे झाले.

आज दोघंही नाहीत, दुकानही नाही. मास्तरांनी पायाचं ढोंग केलं, असं म्हणणारी दोन-चार माणसं मात्र अजून भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहिलं. वही माझ्याकडे आहे. सकाळी ते पान काढलं आणि खोडलेल्या आकड्याशेजारी पुन्हा लिहिलं: डावा, साडेचाळीस. खाली एक रेघ ओढली. ती काही सरळ आली नाही.