हळदीकुंकवाचा तो फोटो

आमच्या एका फोटोमुळे एका बाईला राहती खोली सोडून जावं लागलं, म्हणून हे लिहितेय.

तिचं नाव लिहिणार नाही, देशही नाही. आफ्रिकेतली आहे, सासरच्यांपासून जीव वाचवून पळालीय आणि दुसऱ्या देशात आसरा मिळावा म्हणून केलेल्या अर्जाच्या उत्तराची वाट बघतेय... एवढं पुरे.

अशा बायकांसाठी इथे आखातात, मनामा शहरात, काहीजणी मिळून एक छोटं मदतकेंद्र चालवतात. वसईची जॉयसी हॉस्पिटलची ड्यूटी संपवून तिथलं सगळं बघते. मी शनिवारी शिवण शिकवायला जाते.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच करायचं आमच्या इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपनं ठरवलं. जॉयसीनं दारातच बजावलं होतं, "ताई, फोटो मात्र कुणाचे काढू नका हं." सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाण दिलं, तिळगूळ दिला, बायका मोकळ्या हसल्या... आणि संध्याकाळी आमच्या नीलिमाताईंच्या फेसबुकवर फोटो! कुंकू लावून घेणारी तीच बाई, चेहरा स्वच्छ, वर केंद्राचं लोकेशन.

दोन दिवसांनी जॉयसीचा फोन. त्या बाईचा दीर इथेच नोकरीला आहे, त्याच्यापर्यंत फोटो पोचला होता. तो केंद्राच्या गल्लीत, तिच्या खोलीजवळच, तिची चौकशी करून गेला होता.

मी तडक अरादला, नीलिमाताईंच्या घरी. फोटो डिलीट करा म्हटलं.

"अगं, किती छान कमेंट्स आल्यात! आता डिलीट कसा करू?"

"आत्ता करायचा. माझ्यासमोर."

"सणासुदीला तरी गोड बोल गं बाई. चांगल्या हेतूनंच टाकलाय ना?"

हेतू! डोकंच फिरलं माझं. त्यांचंच पेज उघडून त्यांच्यासमोर धरलं. नातवाचं बारसं, नातवाची पहिली दिवाळी... प्रत्येक फोटोत बाळाच्या तोंडावर पिवळ्या फुलाचा स्टिकर चिकटवलेला.

"हे फूल कशाला?"

"अगं, नजर लागते. शिवाय हल्ली कोण कुठे फोटो वापरेल, काय सांगावं..."

बोलता बोलता त्यांनी स्वतःचा फोन उचलला. मग फोटो डिलीट केला. पण तोवर तो ज्याला दिसायला नको होता, त्याला दिसून गेला होता.

आपल्या बाळाला जपायची अक्कल आहे. मग दुसऱ्याचा जीव जपायची वेळ आली की ती कुठे जाते? मदत करताना आपण दिसलोच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

ती आता दुसरीकडे आहे. कुठे, ते जॉयसीनं मलाही सांगितलं नाही. बरं केलं. जॉयसी आहे म्हणून हे केंद्र उभं आहे.

तिच्या नव्या जागेसाठी आज जॉयसीच्या हाती दिलं ते असं: गादी, ब्लँकेट, गॅसची शेगडी, तांदूळ, तेल, चहा-साखर, सॅनिटरी पॅड, एक हातशिलाई मशीन.

तिच्या जुन्या खोलीची किल्ली घरमालकाला परत केली.