मागच्या सीटपुढची जागा

मी आज जो काही आहे तो माझ्या विज्ञानाच्या सरांमुळे. आईवडिलांनी जन्म दिला आणि पोटाला चिमटा घेऊन शाळेत घातलं, ते खरंच. पण नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावातून एखादा मुलगा हैदराबादला जाऊन इंजिनिअर होऊ शकतो, ही कल्पना घरात कुणाच्याच डोक्यात नव्हती. ती सरांच्या डोक्यात होती. ते आमच्याच वस्तीतले. त्यांची आई आणि माझी आजी एकाच मालकाच्या शेतात कापूस वेचायच्या. सर आदिलाबादच्या मराठी शाळेत शिक्षक झाले आणि मला त्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं. तेलुगूतले अर्ज त्यांनी भरून दिले, प्रवेशाच्या दिवशी ते माझ्यासोबत हैदराबादला आले आणि वसतिगृहाच्या फाटकाशी म्हणाले, "घाबरलास तरी चालेल, परत येऊ नको."

शाळेत प्रयोगशाळा नावालाच होती. मेणबत्ती आणि काचेचा ग्लास एवढ्यावर सर तास घ्यायचे. आधी निरीक्षण लिहायचं, मग अनुमान. निरीक्षणात स्वतःचं मत आलं की ते लाल रेघ मारायचे. "तुला काय वाटलं ते मी विचारलं नाही. काय दिसलं?"

हीच पद्धत मी पुढे पोटापाण्यासाठी वापरली. मंचेरियलला मोटारींच्या एका शोरूममध्ये मला नोकरी लागली. कोळसा खाणीचे अधिकारी, कंत्राटदार, डॉक्टर जुन्या मोठ्या गाड्या घ्यायचे, तेव्हा त्या तपासून लेखी अहवाल देणं हे माझं काम होतं. इंजिन थंड असताना पहिल्यांदा सुरू करून धूर पाहायचा. बॉनेट आणि दारांच्या फटी सारख्या आहेत का, रंगाचा थर कुठे जाड आहे का, टायर आतल्या बाजूने झिजलेत का, हे बघायचं. मग खड्ड्यांच्या रस्त्यावर चालवायची. शेवटची ओळ दोनपैकी एक असायची: घेण्यास हरकत नाही, किंवा घेऊ नये.

राज्य अजून आंध्र प्रदेशच होतं तेव्हाची ही गोष्ट. सर निवृत्त झाले होते. एक दिवस त्यांचं पत्र आलं. त्यांना गाडी घ्यायची होती, आणि साधी नव्हे, मोठी सेडान. मी पत्र दोनदा वाचलं. सरांनी आयुष्यभर सायकल चालवली होती.

कारणही त्यांनी पुढे लिहिलं होतं. आजी, म्हणजे त्यांची आई, दर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जायच्या, तरुणपणापासून, वस्तीतल्या सगळ्यांबरोबर ट्रकमध्ये उभ्याने. आता त्यांचा एक गुडघा वाकत नव्हता. ट्रकवर चढणं संपलं होतं, जीपची पायरी उंच पडत होती, आणि लहान गाडीत मागे पाय लांब करायला जागा नव्हती. गेल्या दसऱ्याला त्या घरीच राहिल्या आणि दिवसभर जेवल्या नाहीत. म्हणून सरांना अशी गाडी हवी होती जिच्यात आई पाय पसरून, टेकून, नीट बसून नागपूरला जाईल.

तशी एक गाडी विकायला होती. आदिलाबादला लागून असलेल्या मावला गावात, कापसाच्या एका जिनिंगवाल्याच्या बंगल्यावर. हा जिनिंगवाला म्हणजे आमच्या गावच्या त्याच मालकाचा मुलगा. शेत सांभाळायला माणसं ठेवून तो शहराशेजारी येऊन राहिला होता. सरांनी पत्रात एवढंच लिहिलं होतं, "गाडी कुणाची आहे याचा तुझ्या तपासणीशी संबंध नाही."

गाडी खरोखर चांगली होती. चंदेरी रंग, चामड्याच्या सीट, दार लावलं की बाहेरचा आवाज तुटायचा. मी आदल्या दिवशी निरोप देऊन इंजिन सुरू न करायला सांगितलं होतं, तरी बॉनेटला हात लावला तर कोमट.

"सायेब, देवळात जाऊन आलो जरासा," जिनिंगवाला हसत म्हणाला. "तुमी शहरातले इंजिनेर, तुमच्यापासून काय लपवून राह्यलो मी? घ्या, चा घ्या."

मला त्याने सोफ्यावर बसवलं. सरांना "या मास्तर" म्हणून ओट्यावरची खुर्ची दाखवली. मी इंजिन निवेपर्यंत थांबलो, मग गाडी हायवेवर नेली आणि मुद्दाम गावाकडच्या फुटलेल्या रस्त्यावर घातली. गिअर मऊ पडत होते. स्टीअरिंग सरळ होतं. गतिरोधकावर पोट घासत होतं, पण तिरकी घेतली तर नाही. मागे बसून पाहिलं. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवली की मागे एवढी जागा होत होती की माझ्यासारखा उंच माणूसही पाय लांब करील. परत येऊन मी सरांना म्हणालो, "आजींना बसवून बघू." मी इतका खूश होतो की सर आजींना आणायला रिक्षाकडे जवळजवळ पळत गेले, हेही मला गमतीचं वाटलं.

आजी फाटकाबाहेर रिक्षात बसून होत्या. पांढरं लुगडं, नागपूरला जाताना नेसायच्या तेच. आत या म्हटल्याशिवाय त्या आत येणाऱ्या नव्हत्या आणि त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी आणि मी त्यांना धरून गाडीशी आणलं. मी दार उघडलं.

"आजी, आधी गाडीकडे पाठ करा, सीटवर टेका, मग पाय आत घ्या."

त्यांनी ऐकलं. पाठ केली. सीटला हातही लावला, एकदा, कापड पारखावं तसा. मग ओट्यावर उभ्या असलेल्या जिनिंगवाल्याकडे त्यांची नजर गेली आणि त्या सीटच्या खाली सरकल्या. दोन सीटांच्या मधल्या जागेत, गालिच्यावर, दाराला पाठ लावून आडव्या बसल्या. पाय लांब सोडला. त्यांच्या पायासाठी मी केलेल्या जागेत त्या सगळ्याच मावल्या.

"आई, वर बस," सर म्हणाले.

"बरं हाय इथं. धरायले बी हाय." त्यांनी पुढच्या सीटचा खालचा दांडा धरून दाखवला.

"आई, सीट वर हाय."

"माईत हाय मले. आंधळी नाई झाली अजून."

"मंग काऊन खाली बसली?"

जणू कुणी साधीच गोष्ट विचारली असावी तसं आजींनी सांगितलं, "तुह्या येळेस यांच्या बापानं जीपीत नेलं मले दवाखान्यात. रातभर कळा देऊन राह्यली होती मी. अशीच बसली होती, आडवी. पोचली ना नीट? झाला ना तू?"

जिनिंगवाला पायऱ्या उतरून खाली आला. त्याला फार आनंद झाला होता. "पाहा मास्तर! म्हातारीले याद हाय. माह्या बापानं जीप काढली नसती तं तुमी कुठून आले असते? अन् शाळा कोणं शिकवली असती?" मग माझ्याकडे वळून, "सायेब, तुमच्या रिपोटात हे बी लिवा. आमच्या घरच्या गाडीत जागेची कमी नाई कोणाले."

"हा सायेब काऊन?" आजी खालून कौतुकाने म्हणाल्या. "हा आपल्याच वस्तीतला. याची आजी अन् मी संगंच येचत होतो तुमच्यात कापूस."

तो माझ्याकडे बघत राहिला. "असं का? मंग आंदी सांगाचं ना रे पोरा."

मघाशी दिलेला चहाचा कप उघड्या दारातून सोफ्याजवळ दिसत होता. त्या कपाकडे त्याची नजर गेली ती मी पाहिली. हे निरीक्षण आहे, अनुमान नाही.

सरांनी जिनिंगवाल्याला उत्तर द्यावं तर आईच्या त्या रात्रीची किंमत कमी होत होती. उपकार खरा होता, आणि जीपमधली सीट रिकामी होती हेही खरंच असणार. सर वाकले, आईच्या काखेत हात घातले आणि त्यांना बाहेर काढलं.

"काऊन? घेऊन नाई राह्यला का गाडी?" आजींनी विचारलं.

"पाहतो," सर म्हणाले. मला म्हणाले, "अहवाल लिहून पाठव. गिऱ्हाइकाला पाठवतोस तसा. काही गाळू नको."

ते दोघं रिक्षाकडे गेले. जिनिंगवाला चहाचा कप बाहेर ठेवायला सांगत आत गेला. गाडीची चावी अजून माझ्याकडे होती.

सरांनी ती गाडी घेतली नाही. कुठलीच घेतली नाही. लोकांना त्यांनी सांगितलं की पेट्रोल फार खाते. त्या दसऱ्याला ते वस्तीबरोबर ट्रकमध्ये उभे राहून नागपूरला गेले. आजी घरी होत्या, आणि त्यानंतरच्या दसऱ्यांनाही घरीच. गाडी मंचेरियलच्या एका कंत्राटदाराने घेतली, आणि पुढची काही वर्षं ती सर्व्हिसिंगसाठी माझ्याकडेच येत होती. काही बिघाड निघत नव्हता. माझ्या पत्राला सरांचं उत्तर आलं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी होती. गाडीचा उल्लेख नव्हता. माझं पत्र असं होतं:

आदरणीय सर,

सप्रेम जय भीम. आपण सांगितल्याप्रमाणे अहवाल पाठवत आहे.

इंजिन थंड झाल्यावर एका चावीत सुरू झालं. धूर नाही. रंग मूळचा आहे, अपघाताची खूण नाही. गिअर, ब्रेक, स्टीअरिंग ठीक. मागचे टायर वर्षभरात बदलावे लागतील. वजन भरल्यावर उंच गतिरोधकावर पोट घासेल. सुटे भाग हैदराबादहून मागवावे लागतील. सीट उत्तम, पाठीला आधार चांगला.

काही गाळू नको असं आपण म्हणालात, म्हणून पुढचंही लिहितो. आपण गेल्यावर मी आजी जिथे बसल्या होत्या तिथे बसून पाहिलं. गालिचा जाड आहे, पण मधला उंचवटा गुडघ्याखाली येतो. दाराचं हँडल खांद्याला टोचतं. तिथून रस्ता दिसत नाही. पुढच्या सीटची मागची बाजू दिसते आणि खिडकीच्या वरच्या भागातून आभाळ. गाडी चालू लागली की पुढे काय येतंय ते बसणाऱ्याला कळणार नाही. फार वेळ तिथे बसणं मला जमलं नाही, मी लवकर उठलो.

गाडीत दोष नाही. तरी शेवटची ओळ या वेळी मी लिहिलेली नाही.

सर, आमच्या शोरूममध्ये याच आकाराच्या आणखी दोन गाड्या आहेत. दसऱ्याला अजून वेळ आहे. आजींना घेऊन मंचेरियलला या. स्टेशनवर मी येईन. गाडी रस्त्यावर उभी करू, समोर कुणाचा ओटा नसेल. त्यांना सावकाश बसू द्या. इथे त्यांना कुणी ओळखत नाही.

आपला विद्यार्थी